वैद्यबुवांनी संगणक मंद केला

एकदा एका संगणकवैद्याकडे एक शिष्या आली आणि पहिल्या दिवसापासून तिला गुरूची एकच गोष्ट खटकू लागली. हा मनुष्य बिघडलेल्या यंत्राकडे आधी बघतच नसे.

संगणकवैद्य हा शब्द माझा नव्हे, त्या गावाचा. गृहस्थांनी उभी हयात तंत्रनिकेतनात शिकवले आणि निवृत्तीनंतर बाजारपेठेतल्या एका गाळ्यात घरगुती संगणकांची दुरुस्ती सुरू केली. लोक त्यांना वैद्यबुवा म्हणत. बुवा कोणाच्या घरी गेले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे, "तुम्ही चालवून दाखवा." मालक बिचारा खुर्चीत बसून काहीबाही टंकू लागे. बुवा शेजारी स्टूल ओढून बसत आणि पडद्याऐवजी त्याचे हात, त्याची मान, त्याचा चष्मा न्याहाळत राहत. चहा आला तर चहा घेत. सगळे यथास्थित पाहून झाल्यावर मग यंत्राला हात लावीत.

शिष्येचे नाव शाल्मली. पदवी घेऊन मोठ्या कंपनीत काही वर्षे काम केलेली, आईच्या आजारपणामुळे गावी परतलेली, बोटांत वीज असलेली मुलगी. तिला हा सारा वेळेचा अपव्यय वाटे. वैद्याने नाडी रोग्याची बघावी, हे रोग्याच्या नातेवाइकाची बघत बसतात, असे ती घरी आईला सांगून हसत असे. तिचा स्वतःचा सिद्धान्त सरळ होता. यंत्र असे करून द्यावे की ते आजच खोक्यातून काढल्यासारखे चालले पाहिजे. सिद्धान्त वाईट नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा माणसांच्या बाबतीतही हाच असतो, आणि म्हणून तर घराघरांत एवढ्या कटकटी चाललेल्या असतात.

पुढे बुवांचे मोतीबिंदू पिकले. शस्त्रक्रियेसाठी ते लेकीकडे गेले आणि गाळा शिष्येच्या हाती आला. त्याच सुमारास यदुनाथरावांचा फोन आला.

यदुनाथराव म्हणजे एस.टी.चे निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवर त्यांनी गाडी पुकारली की ती गाठायला माणूस वडापावचा घास टाकून धावत असे, एवढा त्या आवाजाचा दरारा. निवृत्तीनंतर ते तिथल्या वृत्तपत्रासाठी दर रविवारचे शब्दकोडे रचीत. आडवे शब्द, उभे शब्द, तिरकस इशारे, सगळे स्वतःचे. गावातली निम्मी भांडणे त्यांच्या कोड्याच्या उत्तरांवरून होत आणि उरलेली निम्मी त्यांच्या कोड्याने मिटत.

"ताई, जरा येऊन जाता का?" फोनवर ते म्हणाले. "काय झालं, आमचे जावईबापू आले होते. सहज संगणकावर बसले आणि म्हणाले, 'बाबा, हा संगणक आहे की बैलगाडी? बटण दाबतोय तर अक्षरच उमटत नाही.' मला फार ओशाळल्यासारखं झालं हो. मी समजत होतो, सगळ्यांचे असेच चालतात."

जावयाने जेवणात मीठ कमी म्हटले तर आपल्याकडे अख्खी आमटी पुन्हा होते. इथे तर त्याने संगणकाला नावे ठेवली होती. शाल्मली लगेच गेली.

जावयाचे म्हणणे खरे होते. तिने झरझर बोटे फिरवली तर दहातली दोन अक्षरे उमटली. माऊसचा बाणही पडद्यावरून रांगत चालला होता. रोग जुना आणि सर्वांगात पसरलेला आहे, असा तिने निष्कर्ष काढला. यदुनाथरावांची सगळी कोडी तिने नीट वेगळी काढून ठेवली, संगणकाला फॉरमॅट मारला, सिस्टिम नव्याने टाकली आणि कोडी पुन्हा जागच्या जागी आणून बसवली. एक कोडे हरवले नाही. काम निर्दोष होते, हे मी मुद्दाम सांगतो. ती काम करीत असताना यदुनाथराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला होता. शाल्मलीची नजर पडद्यावर होती.

शेवटी तिने चार ओळी टंकून दाखवल्या. बोटामागे अक्षर, बोटामागे अक्षर.

"वा! हा तर हरणासारखा पळतोय!" यदुनाथराव म्हणाले. कालिंदीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गूळसांजा केला होता. तो खाऊन शाल्मली तृप्त मनाने परतली. 'तुम्ही चालवून दाखवा' हे वाक्य त्या दुपारी त्या घरात कोणी उच्चारले नाही.

काळा चष्मा लावून बुवा परत आले, गाळ्यात बसू लागले. एका सकाळी शाल्मलीच्या फोनवर यदुनाथरावांचा निरोप आला. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. "शाल्मलीताईंनी संगणक उत्तम करून दिला. यंत्रात आता काडीचाही दोष नाही. तरी तो एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला देऊन टाकावा, ही विनंती. मला यापुढे लागणार नाही."

"बघा सर, किती मनापासून कौतुक केलंय," ती म्हणाली.

बुवा तोवर पायांनी चपला चाचपू लागले होते. "चल. कुलूप घे."

"आत्ता? पण सर, त्यांची तक्रार नाहीये."

"तक्रार असती तर संध्याकाळी गेलो असतो. यंत्र बरं झालं आणि माणसाने तेच सोडून दिलं, हे काही मला बरं लक्षण दिसत नाही."

यदुनाथरावांच्या घरी संगणकावर भरतकामाचा रुमाल टाकलेला होता. पाहुणे येऊन गेल्यावर हार्मोनियमवर टाकतात तसा. स्वतः यदुनाथराव खिडकीशी बसले होते आणि त्यांचा तो स्टँडवरचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"बुवा, तुम्ही उगाच उन्हातून आलात," ते म्हणाले. "यंत्र नको म्हटलं म्हणजे यंत्र वाईट आहे असं नाही. या पोरीने काम सोन्यासारखं केलंय. मीच संपलो."

"म्हणजे काय झालं?"

"डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. कंपवात आज हातात आहे, पुढेमागे डोक्याकडेही वळू शकतो. तो वळला. पूर्वी सकाळी बसलो की जेवणापर्यंत कोडं लिहून व्हायचं. आता दिवस दिवस जातात. एक अक्षर खोडावं तर दुसरी दोन उगवतात. मी तपासतो, पुन्हा तपासतो, तरी छापून येतं तेव्हा चुकलेलंच असतं. लोकांचे फोन येतात, काका, इशाऱ्याला काही अर्थच लागत नाही. जावईबापू बोलले तेव्हा मी म्हटलं, यंत्र माझ्यासारखंच म्हातारं झालंय, चालायचंच. आता यंत्र नवंकोरं आहे. मग चूक कोणाची राहिली, सांगा?"



"संपादक भला माणूस," यदुनाथराव पुढे म्हणाले. "म्हणाला, काका, आता विश्रांती घ्या. मी हो म्हटलं. येत्या रविवारी चौकटीत छापणार आहेत, की कोडं बंद होत आहे."

कालिंदीकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पदराने हात पुसत म्हणाल्या, "धड जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. काल मला काय विचारावं यांनी? म्हणे, मी आपल्या लेकीचं नाव बरोबर घेतो ना गं?"

बुवांनी स्टूल ओढले. "यदुनाथराव, चालवून दाखवा."

"कशाला थट्टा करता गरिबाची?"

"थट्टा नाही. एक ओळ."

यदुनाथराव हलेनात. तेव्हा कालिंदीकाकूंनीच पुढे होऊन तो रुमाल ओढला. "उठा बघू. हजार माणसांपुढे गाड्या पुकारल्यात तुम्ही. दोन माणसांपुढे एक ओळ लिहायला काय धाड भरलीय?"

ते उठले आणि बसले. 'चिखलात उगवणारे फूल' एवढेच लिहायचे होते. उजव्या हाताचे बोट कळीवर जाई आणि टेकण्यापूर्वीच शेजारच्या कळीला दोनदा शिवून येई. टेकले की तिथेच थरथरत राही. पडद्यावर उमटले, 'चचिखखलातत'. यदुनाथरावांनी ते वाचले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, एखादे वाह्यात मूल धरावे तसे.

तो हात शाल्मलीने आज पहिल्यांदा पाहिला. त्याच घरात, त्याच खोलीत तिने अख्खी दुपार काढली होती.

बुवांनी यदुनाथरावांना उठवले, स्वतः खुर्चीत बसले, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून सेटिंगमधल्या अशा एका कोपऱ्यात शिरले, जिथे सहसा कोणी फिरकत नाही. मागे उभ्या असलेल्या शिष्येला ते काय करीत आहेत हे क्षणभराने कळले आणि ती चकित झाली. हरणासारखा पळणारा संगणक बुवा पुन्हा मंद करीत होते. कळ क्षणभर दाबून धरली तरच अक्षर मानायचे, ओझरता स्पर्श सोडून द्यायचा, तीच कळ लगोलग पुन्हा लागली तर तिकडे काणाडोळा करायचा, अशी त्यांनी त्याला शिकवण दिली. माऊसचीही चाल उतरवली.

"सर!" ती न राहवून म्हणाली. "हाच तर दोष मी काढला होता."

"हो," बुवा म्हणाले. "मीच घातलेला होता तो."

मग त्यांनी खुर्ची रिकामी केली. "आता लिहा, यदुनाथराव."

बोट थरथरत आले, शेजाऱ्याला शिवले, पडद्याने लक्ष दिले नाही. बोट नेमक्या कळीवर आले, टेकले, दाबले गेले. 'च' उमटला, आणि एकच उमटला. मग 'चि'. मग शब्द. मग ओळ. यदुनाथरावांनी दुसरी ओळ लिहिली, कोणी न सांगता तिसरी लिहिली, आणि मग हात थांबवून ते पडद्याकडे पाहत राहिले.

"बुवा," ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे डोकं नाही?"

"हात आहेत. हात कापतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. चुकीचं छापलं गेलेलं गेल्या रविवारचं कोडं, त्याची उत्तरं आठवतात?"

"आडवी, उभी, सगळी."

"मग डोकं होतं तिथेच आहे की."

यदुनाथरावांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. कालिंदीकाकू भिंतीला टेकून उघड उघड रडल्या आणि रडता रडताच "मेलं ते बैलगाडीचं खूळ" असे काहीतरी जावयाला उद्देशून बोलल्या. इथेच गोष्ट संपली असती तर ती गोड झाली असती. पण यदुनाथरावांनी चेहऱ्यावरून हात काढले तेव्हा ते रागावलेले होते.

"तुम्ही घातला होता म्हणजे? कधी?"

"मागे प्रिंटर जोडायला आलो होतो ना, तेव्हा. तुमचे हात पाहिले आणि..."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट!" आणि तो हरवलेला आवाज परत आला. रस्त्यावरच्या माणसाने मान वळवून पाहिले. "अहो, माझे हात कापतात हे मला रोज आमटीची वाटी सांगते! ते तुम्ही कोणापासून लपवलंत? नुसतं सांगितलं असतंत, तर मी जावयाला मान वर करून म्हटलं असतं, बापू, ही गाडी माझ्या चालीची आहे, तुम्ही तुमची आणा. ते राहिलं बाजूला, आणि मी माझ्याच डोक्यावर संशय घेत बसलो. पोटच्या पोरीचं नाव घ्यायची भीती वाटायला लागली मला, बुवा!"

वैद्यबुवा उभे राहिले. ज्यांच्यापुढे सारे गाव हात जोडत असे, त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं," ते म्हणाले. त्यापुढे त्यांनी सबब म्हणून एक अक्षरही काढले नाही.

थोड्या वेळाने त्यांनी यदुनाथरावांना पुन्हा खुर्चीत बसवले आणि तो सेटिंगचा कोपरा उघडून दाखवला. तिथे एक सरकती खूण होती. इकडे नेली की संगणक चपळ, तिकडे नेली की मंद. "आता तुम्हीच लावा," बुवा म्हणाले.

यदुनाथराव मूळचे हट्टी. पहिल्यांदा त्यांनी खूण चांगली चपळाकडे नेली, लिहून पाहिले, दोन 'क' उमटले, स्वतःशी पुटपुटले आणि मागे आणली. आणखी थोडी मागे आणली. "हं. इथे बसतंय," ते म्हणाले. मग फोन उचलून त्यांनी संपादकाला, जणू शेवटची गाडी सुटते आहे अशा आवाजात कळवले की चौकट काढा, कोडे उद्या येत आहे.

परतताना शाल्मली म्हणाली, "सर, मी त्यांचा संगणक मोडला होता."

"मोडला नाहीस. कंपनीतून आला तसा करून दिलास," बुवा म्हणाले. "पण कंपनीतून येतो तेव्हा तो कोणाचाच नसतो, अगं. वापरता वापरता माणसाचा होतो. आपण गेलो की त्यात बिघाड किती आणि माणूस किती, हे आधी निवडावं लागतं. पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून मी हात बघत बसतो. तू बघितले नाहीस, एवढी तुझी चूक. माझी मोठी."

"तुमची? तुम्ही तर त्यांची सोय केली होती."

"सोय केली आणि लपवली. न सांगितलेली सोय आणि बिघाड, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. जावयाला बिघाड दिसला, तुला बिघाड दिसला, त्यात तुमचा काय दोष? आणि ज्याची सोय, त्यालाच ती ठाऊक नव्हती. मग ती त्याची कसली? ती माझीच राहिली. मी त्यांचा मान राखायला म्हणून गेलो आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास स्वतःच्या खिशात घालून बसलो. दया करताना माणसाला वाटतं, आपण किती अलगद केली. समोरच्याला विचारायचं तेवढं राहून जातं."

नव्या डोळ्यांना ऊन सोसत नव्हते. नाक्यावर बुवा किंचित अडखळले. शाल्मली त्यांना सावरायला पुढे झाली आणि हात लावण्यापूर्वी थबकली.

"सर, पुढे उंच पायरी आहे. हात धरू का?"

"धर," बुवा म्हणाले, आणि हसले.

त्यानंतर गाळ्यात काम दुप्पट वेळ घेऊ लागले, कारण आता दोघेही स्टुले ओढून बसत. गिऱ्हाइके कुरकुरली आणि नंतर त्यांना त्याची सवय झाली. कोणासाठी काही बदलले तर शाल्मली ते त्याला उघडून दाखवी, त्याच्या हाताने करवून घेई, आणि घरातल्या जावयासकट सगळ्यांना सांगून ठेवी.

रविवारची कोडी बिनचूक येत राहिली. आजार मात्र आजारासारखाच वागतो, तो काही कोड्यासाठी थांबत नाही. पुष्कळ महिन्यांनी एका सकाळी यदुनाथरावांचा निरोप आला. शाल्मलीने तो आधी मनात वाचला आणि मग बुवांना वाचून दाखवला.

"संगणक आणखी थोडा मंद केला आहे. मी स्वतःच. कोडे वेळेवर पाठवले."

बुवांनी मान हलवली. शाल्मलीने फोन खाली ठेवला, समोर नुकत्याच येऊन बसलेल्या बाईंकडे खुर्ची वळवली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही चालवून दाखवा."